उत्तम शुक्रवारची तीन तासांची उपासना यूट्यूबवर लाइव्ह द्यायची आहे: आवाज, डेटा आणि पुढचा संपर्क

मंडळी_जालना

जय ख्रिस्त. जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आमची मंडळी आहे. रविवारी ऐंशी-नव्वद जण उपासनेला असतात आणि जवळजवळ तितकेच बाहेरगावी. कोणी वाळूज-चाकणला कंपनीत आहे, काही कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे जातात. शिवाय आजारी आणि म्हातारी माणसं घरीच. पाळक-समितीने ठरवलंय की येत्या उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडे) दुपारी १२ ते ३ ची उपासना, प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवरच्या सात संदेशांसह, यूट्यूबवर लाइव्ह द्यायची. जमलं तर पुढे दर रविवारी.

आत्तापर्यंत कोणीतरी मागच्या बाकावरून फोन धरून फेसबुकवर लाइव्ह करायचं. चित्र ठीक येतं, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. संदेशातलं निम्मं कळत नाही आणि पंख्यांची घरघर मात्र स्पष्ट ऐकू येते.

चर्च जुनं, दगडी भिंतींचं, वर पत्रा. वेदीच्या मागे मोठी खिडकी. आतून चार माइकचा मिक्सर-ॲम्प्लिफायर आहे, दोन कॉलम स्पीकर आत आणि एक भोंगा बाहेर. पेटी, तबला आणि सात-आठ जणांचं गायनमंडळ, त्यांच्यासाठी एकच माइक. वायफाय नाही, मोबाइल डेटावरच चालतं. बऱ्यापैकी अँड्रॉइड फोन आहे, आणि तरुण संघातल्या एकाचा आय-फाइव्ह लॅपटॉप वापरायला मिळेल. समितीने २५ हजार मंजूर केलेत. ते कॅमेऱ्यावर घालावेत असा बहुतेकांचा आग्रह आहे. काय घ्यावं, कशाने सुरुवात करावी?

---

आवाज_नांदेड

जय ख्रिस्त भाऊ. कॅमेरा घेऊ नका. तुमच्याकडचा फोन पुरेसा आहे. अंधुक चित्र माणूस सहन करतो, पण शब्द कळेनासे झाले की दोन मिनिटांत बंद करतो. आणि उत्तम शुक्रवारची उपासना म्हणजे मुळात ऐकण्याचीच उपासना. पहिला पैसा आवाजावर घाला.

तुमचा आवाज का बिघडतो ते आधी सांगतो. फोन मागच्या बाकावर, म्हणजे बोलणाऱ्यापासून तीस-पस्तीस फुटांवर. तिथे पाळकसाहेबांचा थेट आवाज कमी पोचतो, दगडी भिंतींवरून आणि पत्र्यावरून परत आलेला जास्त. समोर बसलेल्या माणसाचे कान हे वेगळं करू शकतात, फोनचा माइक करू शकत नाही. म्हणून फोन कितीही महाग घेतला तरी उपयोग नाही. आवाज ॲम्प्लिफायरमधूनच तारेने घ्यावा लागेल.

ॲम्प्लिफायरच्या मागच्या बाजूला 'लाइन आउट' किंवा 'प्रीॲम्प आउट' लिहिलेलं बघा. तिथून घ्यायचं. स्पीकरच्या तारेवरून चुकूनही घेऊ नका. भोंगा आणि कॉलम स्पीकरसाठी बहुधा १०० व्होल्टची लाइन असते, ती फोनला जोडली तर फोन जळेल आणि हात लावणाऱ्यालाही झटका बसेल.

लाइन आउटमधून साधारण १ व्होल्टचा सिग्नल येतो, फोनच्या माइकच्या वाटेला काही मिलिव्होल्ट लागतात. थेट जोडलं तर आवाज फाटतो आणि कुठलंही बटण फिरवून तो सुधारत नाही. मध्ये दोन चॅनेलचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (तारेतला आवाज फोनला समजेल असा करून देणारी छोटी डबी) घ्या, साधा चार-साडेचार हजारांच्या आसपास मिळतो, आणि तो टाइप-सी ओटीजीने (फोनला यूएसबी उपकरण जोडायची तार) फोनला जोडा. इंटरफेसवर पातळीचा वेगळा नॉब असतो, तेच महत्त्वाचं. काही फोन इंटरफेसला पुरेशी वीज देत नाहीत आणि मध्येच तो बंद पडतो. म्हणून चार्जर जोडता येईल असाच ओटीजी हब घ्या.

कोणी स्वस्तातली ३.५ मिमीची तार सुचवली तर पिन नीट बघून घ्या. फोनला माइक म्हणून चालणाऱ्या पिनवर तीन काळ्या रिंगा असतात, साध्या स्टीरिओ पिनवर दोन. दोन रिंगांची पिन घातली की फोन तिला हेडफोन समजतो आणि स्वतःच्याच माइकने रेकॉर्ड करत राहतो. पडद्यावर सगळं बरोबर दिसतं, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. तपासायची सोपी रीत: फोनच्या खालच्या माइकच्या भोकावर नखाने खरवडा. रेकॉर्डिंगमध्ये खरखर आली तर तारेचा आवाज येतच नाहीये.

आता गायनमंडळ. सात-आठ जणांना एक माइक, आणि पेटी-तबला बहुधा माइकशिवायच. आत बसलेल्यांना सगळं ऐकू येतं कारण ते खोलीतच आहेत. लाइन आउटमध्ये मात्र फक्त माइकमधून आलेलंच जातं. म्हणजे प्रक्षेपणात मुख्य गायकाचा एकटा आवाज, मागे शांतता, आणि मंडळीचं 'आमेन' गायब. यासाठी एक कंडेन्सर माइक गायनमंडळासमोर चार-पाच फुटांवर, सहा-सात फूट उंच स्टँडवर, तोंड गाणाऱ्यांकडे आणि पाठ स्पीकरकडे. तो ॲम्प्लिफायरला जोडू नका, शिट्टी मारेल. थेट इंटरफेसच्या दुसऱ्या चॅनेलला जोडा, ४८ व्होल्टचं फँटम (या माइकला तारेतूनच मिळणारी वीज) चालू करून. अशा जोडणीत प्रसारणाच्या ॲपमध्ये आवाज मोनो ठेवा, नाहीतर ऐकणाऱ्याला संदेश एका कानात आणि गाणं दुसऱ्या कानात जाईल. गाण्यांच्या वेळी हा माइक वर आणि संदेशाच्या वेळी अगदी खाली, कारण पंख्यांचा आवाज तोच ओढतो. हे करायला एक माणूस कानाला हेडफोन लावून सतत बसलेला हवा. त्याला दुसरं काम देऊ नका.

पातळी: बोलताना काटा −१८ ते −१२ डेसिबलमध्ये फिरला पाहिजे, जोरात 'हालेलूया' झालं तरी −६ च्या वर जाऊ नये. शून्याला टेकलं की फाटलंच.

एक इशारा. ॲपमध्ये 'नॉइज सप्रेशन' दिसेल आणि पंख्यांसाठी ते चालू करावंसं वाटेल. हे फिल्टर माणसाचं बोलणं राखतात आणि बाकी सगळं गोंगाट समजून दाबतात. पेटीचा लांब सूर आणि डग्ग्याची घुमक त्यांना गोंगाटच वाटते. गाणं सुरू झालं की पेटी येते-जाते, येते-जाते. बंदच ठेवा. पंखे सोसवतील तेवढे कमी करा, निदान व्यासपीठावरचा तरी.

खर्च: इंटरफेस ४,०००–४,५००, कंडेन्सर माइक ३,०००, माइक स्टँड ८००, ट्रायपॉड १,५००, हब आणि तारा १,५००. बारा हजारांच्या आत होतं.

---

नेटवर्क_लातूर

आवाजाबद्दल वरचं सगळं मान्य. चित्राचं थोडक्यात: खिडकीवर जाड पडदा टाका, नाहीतर वेदीवरचा माणूस काळी सावली दिसेल. पडदा शक्य नसेल तर व्यासपीठावरच्या माणसाच्या चेहऱ्यावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा. ट्यूबलाइटच्या पट्ट्या हलताना दिसल्या तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. फोन व्यासपीठापासून दहा-बारा फुटांवर, बाजूच्या खांबाला लागून. मागच्या बाकावरून झूम करू नका.

आता डेटा, कारण तुमची खरी अडचण इथे येणार. ७२०पी चित्र २,५०० केबीपीएसने आणि आवाज १२८ ने पाठवला तर तासाला साधारण १.२ जीबी लागतो. तीन तासांचा साडेतीन जीबी. बहुतेकांचं रिचार्ज रोजच्या दीड-दोन जीबीचं. दोन जीबी एक तास चाळीस मिनिटांच्या आसपास संपतो. मग वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि प्रक्षेपण बसतं. म्हणजे बारा वाजता सुरू केलंत तर चौथ्या उद्गाराच्या संदेशातच. यावर दोन उपाय: आदल्या दिवशी जास्तीचा डेटा पॅक टाका, आणि चित्राचा बिटरेट (सेकंदाला पाठवायचा डेटा) १,५०० वर आणा. कॅमेरा स्थिर आहे, माणूस एका जागी उभा आहे, त्याला १,५०० पुरतात. आवाज मात्र १२८ च ठेवा, डेटा वाचवायचा तर चित्रातून. असं केलंत तर तीन तासांना सव्वादोन जीबीपेक्षा थोडं कमी लागेल.

वेग मोजताना डाउनलोड बघू नका, अपलोड बघा. तोही चर्चमध्ये, फोन ठेवायच्या जागी, शुक्रवारीच दुपारी बारा ते एकच्या दरम्यान. पाठवायच्या बिटरेटच्या निदान दुप्पट अपलोड सतत मिळायला हवा, म्हणजे १,५०० साठी ३ एमबीपीएस. पत्र्याखाली आणि दगडी भिंतीआड सिग्नल पडतो. म्हणून कॅमेऱ्याच्या फोनमध्ये सिम नकोच. दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट करून तो खिडकीत, सावलीत ठेवा. कॅमेऱ्याचा फोन विमान मोडवर टाकून वायफाय चालू करा. म्हणजे मध्येच कोणाचा फोन येऊन प्रक्षेपण थांबणार नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला तिसरा फोन तयार ठेवा, दोन्ही हॉटस्पॉटचं नाव आणि पासवर्ड सारखाच ठेवा. एक बंद केला की कॅमेऱ्याचा फोन आपोआप दुसरा पकडतो.

ऊन. एप्रिलमधली दुपार, वर तापलेला पत्रा. कॅमेरा, वायफाय आणि चार्जिंग एकदम चालू असलेला फोन तासाभरात तापतो. आधी चित्र अडखळतं, मग 'फोन गरम झाला आहे' म्हणून कॅमेरा बंद. कव्हर काढा, स्क्रीनचा उजेड अगदी कमी करा, एक छोटा टेबल फॅन फोनच्या पाठीवर सोडा. ऐंशी टक्के चार्ज करून सुरू करा आणि मंद चार्जर लावा, फास्ट चार्जर नको. गुरुवारी तीन तास सलग चालवून बघा, पंधरा मिनिटांच्या चाचणीत हे कळत नाही.

वीज जाणारच असं धरून चाला. १२ व्होल्टच्या बॅटरीवर तुमचा ॲम्प्लिफायर चालतो का ते मागे बघा, अनेकांना ती सोय असते.

यूट्यूबचं:

चॅनेल मंडळीच्या नावाच्या नव्या गूगल खात्यावर काढा, कोणा एका मुलाच्या खात्यावर नको. पासवर्ड सचिवाकडे आणि आणखी एकाकडे. तो मुलगा नोकरीला गेला, नंबर बदलला की चॅनेल हातचं जातं.

फोन नंबरने पडताळणी केल्यावर पहिल्यांदा लाइव्ह सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागतात. त्यामुळे त्याच सकाळी उघडून चालणार नाही. यूट्यूबच्या मोबाइल ॲपमधून लाइव्ह जायला ५० सबस्क्रायबर लागतात. ते नसतील तर लॅपटॉपच्या ब्राउझरमधून यूट्यूब स्टुडिओत प्रक्षेपण तयार करा, तिथली स्ट्रीम-की (त्या प्रक्षेपणासाठी मिळणारा गुप्त कोड) लॅरिक्स ब्रॉडकास्टर किंवा प्रिझम लाइव्ह स्टुडिओ अशा ॲपमध्ये टाका. तसंही हेच बरं, कारण यूट्यूबच्या ॲपमध्ये आवाजाची पातळी हाताने ठरवता येत नाही. जुलै २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना एकट्याने लाइव्ह करता येत नाही, म्हणून नववी-दहावीतल्या मुलाच्या खात्यावर विसंबू नका.

'मुलांसाठी बनवलेलं' या प्रश्नाला 'नाही'. 'हो' केलं तर चॅटच बंद होतं. लेटन्सी (प्रक्षेपण किती मागे चालतं ते) 'नॉर्मल'. 'ऑटो-स्टॉप' बंद. हे शेवटचं विसरू नका. ते चालू असताना नेटवर्क तुटलं की यूट्यूब उपासना संपली असं धरतं. मग पुन्हा सुरू करताना नवी लिंक बनते आणि जुन्या लिंकवरची माणसं रिकाम्या पडद्याकडे बघत बसतात. ॲपमध्ये की-फ्रेम (पूर्ण चित्र किती वेळाने पाठवायचं ते) २ सेकंदांवर.

फेसबुकवर सोबत द्यायचंच असेल तर लक्षात ठेवा, तिथले लाइव्ह व्हिडिओ आता ३० दिवसांनी आपोआप पुसले जातात. जपून ठेवायचं ते यूट्यूबवर.

---

रेकॉर्डिंग_परभणी

एक वेगळा मुद्दा. लाइव्हच का? नेटवर्क इतकं कच्चं असेल तर दर रविवारची उपासना फोनमध्ये रेकॉर्ड करा, फक्त संदेश आणि दोन गाणी कापून संध्याकाळी सातला 'प्रीमियर' म्हणून लावा. ठरलेल्या वेळी सगळे एकत्र बघतात, चॅटही चालतं. अपलोड वायफायच्या ठिकाणी जाऊन करता येतं, तुटण्याची भीती नाही. लाइव्ह ठेवा उत्तम शुक्रवार, पुनरुत्थान रविवार, नाताळ आणि अंत्यविधीपुरतं. कंपनीतल्या माणसाला रविवारची शिफ्ट असते, सकाळी दहाला तो बघूच शकत नाही.

आणि लाइव्ह केलंत तरी फोनमध्ये वेगळं रेकॉर्डिंग चालू ठेवा. प्रक्षेपण तुटलं तरी संदेश वाचतो.

---

मंडळी_जालना

सगळ्यांचे मनापासून आभार. कॅमेऱ्याचा विषय समितीपुढे मी बंद करतो. इंटरफेस मागवला, लाइन आउट सापडला. दोन-तीन शंका:

१. लॅपटॉपवर चाचणी घेताना मागे सतत 'हूं' असा घोंघाट येतो. स्पीकरमधून येत नाही, फक्त रेकॉर्डिंगमध्ये.

२. ईस्टरनंतर लॅपटॉपवर ओबीएसमधून (प्रक्षेपणाचं मोफत सॉफ्टवेअर) गीतांचे शब्द दाखवायचे आहेत. गीतं श्री-लिपीत टाइप केलेली आहेत, तिथे पेस्ट केलं की भलतीच अक्षरं येतात.

३. गाण्यांवर कॉपीराइट येतो म्हणतात, ते खरं का?

४. समितीतल्या एका ज्येष्ठांचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो: हे सगळं करून माणूस प्रभूजवळ आणि मंडळीजवळ येतो का, की घरी बसायची सवय लागते? आणि आमच्या मंडळीबाहेरच्या माणसांपर्यंत हे कसं पोचवावं?

---

आवाज_नांदेड

घोंघाटाची परीक्षा: लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज गेला तर अर्थिंगचा लूप आहे. लॅपटॉप एका बोर्डावर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डावर, दोघांच्या अर्थमध्ये थोडा फरक, आणि तो ऑडिओच्या तारेतून वाहतो. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. तरी राहिला तर मध्ये ऑडिओ आयसोलेटर टाका, त्यात छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, पाचशे-सातशेला मिळतो. प्लगची अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. घोंघाट जाईल, पण माइकला ओठ लावून बोलणाऱ्याच्या जिवाशी खेळ होईल.

---

अक्षर_उदगीर

श्री-लिपीचा मजकूर युनिकोड नाही, म्हणून ती अक्षरं भलती दिसतात. फॉन्ट बदलून काही होणार नाही. कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि एकदा डोळ्यांखालून घाला. रफार, 'क्ष', 'ज्ञ', 'ऱ्य' आणि पहिली वेलांटी हमखास चुकतात. 'ख्रिस्त' आणि 'आत्मा' हे दोन शब्द सगळीकडे शोधून तपासा, चूक असेल तर तिथे आधी दिसेल.

ओबीएसमध्ये विंडोजवर 'टेक्स्ट जीडीआय प्लस' हाच सोर्स घ्या, 'फ्रीटाइप' मध्ये जोडाक्षरं फुटतात. फॉन्ट मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी, जाड. एका वेळी दोनच ओळी, ७२०पीला अक्षराची उंची ४८ च्या खाली नको, कारण बघणारा पाच-सहा इंची फोनवर बघतो. पांढरी अक्षरं, मागे काळी अर्धपारदर्शक पट्टी. पट्टी पडद्याच्या अगदी तळाला लावू नका, फोन उभा धरला की चॅटच्या कडेला शब्द चिकटतात.

कॉपीराइटचं: आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. नारायण वामन टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांची गीतं कोणीही म्हणावीत. शिवाय १९५७ च्या कायद्यातलं कलम ५२ खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत होणाऱ्या गायन-वाचनाला सूट देतं. पण यूट्यूबचं यंत्र कायदा वाचत नाही, ते आवाज जुळवतं. टिळकांचंच गीत, पण कोणा कंपनीच्या तयार ट्रॅकवर म्हटलं तर त्या ट्रॅकसाठी दावा येतो आणि लाइव्ह मध्येच थांबूही शकतं. पेटी-तबल्यावर म्हणा, प्रश्न मिटला. उपासनेआधी लोक जमेपर्यंत मोबाइलवरून गाणी लावायची सवय असेल तर ती प्रक्षेपणात जाऊ देऊ नका. बहुतेक दावे तिथेच येतात.

---

सेविका_बीड

जय ख्रिस्त दादा. तुमच्या ज्येष्ठांनी विचारलेला प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा, कारण उत्तरावरून काय प्रसारित करायचं ते ठरतं. व्हिडिओ दार उघडतो, घरात घेतो तो माणूस. बघणाऱ्याला फोन करणारं, भेटणारं कोणी नसेल तर नुसते आकडे वाढतील.

कोणासाठी करताय ते वेगवेगळं धरा.

ऊसतोडीची कुटुंबं. ती पहाटे अंधारात फडात जातात, दिवसा फोन बघणं शक्य नाही, आणि कोपीवर परतल्यावर चार्जिंगसुद्धा मोजून. त्यांना दोन तासांचा व्हिडिओ पाठवू नका. वीस मिनिटांचा संदेश ३२ केबीपीएस मोनो आवाजात काढला तर पाच एमबीच्या आत बसतो. तो रविवारी संध्याकाळी सहापर्यंत व्हॉट्सॲपवर टाका. चार-पाच कुटुंबं एका फोनभोवती बसून ऐकतात, म्हणून सुरुवातीला कोणता अध्याय ते पाळकसाहेबांनी स्पष्ट सांगावं, आणि शेवटी त्यांच्यासाठी, त्या ठिकाणच्या मुलांच्या शाळेसाठी, आजारासाठी दोन मिनिटं प्रार्थना करावी. ज्यांना व्हिडिओच बघायचाय त्यांना यूट्यूबची गुणवत्ता १४४पी कशी करायची ते जायच्या आधी हातात फोन घेऊन शिकवा. तासाला १०० एमबीच्या आसपास जातात.

खाटेवरची माणसं. यांना लाइव्हच हवं, कारण त्यांना सगळ्यांबरोबर असल्याचं समाधान हवं असतं. तरुण संघातलं एकेक जण एकेका घरी फोन घेऊन बसवा, निदान सणाच्या दिवशी. प्रभुभोजन (भाकर-द्राक्षरसाचा विधी) पडद्यावरून देण्याबद्दल पंथापंथांत मतभेद आहेत, तुमच्या पाळकसाहेबांचा निर्णय घ्या. माझं मत असं की त्या भागात प्रक्षेपण थांबवावं आणि त्याच आठवड्यात पाळकांनी घरी जाऊन द्यावं. घरी बसायची सवय लागते ती धडधाकट माणसाला, आणि त्याच्यावर उपाय प्रक्षेपण बंद करणं नाही, त्याच्याकडे जाणं आहे.

अनोळखी माणसं. ती पूर्ण उपासना कधीच बघत नाहीत. संदेशातला एकच मुद्दा पूर्ण होईल असा आठ-दहा मिनिटांचा तुकडा कापा. पहिल्या दहा सेकंदांत जाहिराती-सूचना नकोत, थेट वाक्य. मथळा माणूस शोधतो त्या शब्दांत, 'रविवार उपासना भाग १२' असा नको, 'कर्जाच्या काळजीत प्रार्थना कशी करावी' असा. वर्णनात उपासनेची वेळ, चर्चची खूण आणि एकच फोन नंबर. तो नंबर कोणाचा खासगी नको, मंडळीचं वेगळं सिम घ्या. पूर्ण उपासनेच्या व्हिडिओखाली वेळा लिहा, पहिली ०:०० पासून, निदान तीन, म्हणजे यूट्यूब आपोआप प्रकरणं पाडतं आणि आजीबाईला थेट संदेशावर जाता येतं.

मग वही. कोणी फोन केला, प्रार्थना मागितली, तर नाव, गाव, काय मागितलं, कोण परत फोन करणार आणि कधी. दोन दिवसांच्या आत फोन गेलाच पाहिजे. बाईचा फोन असेल तर महिला मंडळातल्या बाईनेच बोलावं. माणूस परळीचा किंवा सेलूचा निघाला तर त्याला तिथल्या जवळच्या मंडळीशी जोडून द्या, तुमच्याकडे ओढू नका.

आता ज्या गोष्टींना तुम्ही हात घातलेला नाही त्या.

चेहरे. प्रत्येकाला आपण चर्चमध्ये दिसावं असं वाटत नाही, आणि त्यांची कारणं त्यांच्यापाशी. कॅमेरा व्यासपीठावरच ठेवा, मंडळीवर फिरवू नका. दाराशी पाटी लावा: आज प्रक्षेपण आहे, डावीकडचे बाक चित्रात येत नाहीत. साक्ष (आपल्या विश्वासाचा अनुभव सांगणं), बाप्तिस्मा आणि कोणावर हात ठेवून केलेली प्रार्थना लाइव्ह देऊ नका. संडे स्कूलच्या मुलांचा कार्यक्रम पालकांच्या लेखी संमतीशिवाय नको.

प्रार्थना विनंत्या. 'अमुकच्या सुनेला अमुक आजार आहे' हे चर्चमध्ये ऐंशी जण ऐकतात, यूट्यूबवर ते कायमचं राहतं. विनंत्या वाचताना प्रक्षेपणाचा आवाज बंद करून 'प्रार्थना सुरू आहे' अशी पाटी दाखवा, किंवा फक्त पहिलं नाव घ्या.

चॅट. एक माणूस फक्त चॅटवर. 'तपासणीसाठी रोखून धरा' हा पर्याय चालू करा, शिव्यांची आणि भडकाऊ शब्दांची यादी मराठी-हिंदी दोन्ही लिप्यांत टाका. कोणी वाद घालायला आलं तर उत्तर देत बसू नका, लपवा. प्रामाणिक प्रश्न असेल तर मंडळीचा नंबर द्या. कोणी स्वतःचा नंबर टाकला तर लगेच काढून टाका, ते नंबर गोळा करून फसवणारे असतात.

दान. पडद्यावर क्यूआर दाखवायचा मोह होईल. खातं मंडळीच्या नावाचंच हवं, पाळकांचं किंवा खजिनदाराचं वैयक्तिक नको. त्याहून मोठी गोष्ट: प्रक्षेपण परदेशातही दिसतं. परदेशी पासपोर्ट असलेल्या माणसाने, तो मूळचा आपल्याच गावचा असला तरी, पाठवलेले पैसे एफसीआरए २०१० (परदेशी वर्गणीवरचा कायदा) खाली परदेशी वर्गणी ठरतात. नोंदणी किंवा परवानगी नसताना ते साध्या खात्यात घेणं गुन्हा आहे. नोंदणी असलेल्यांनाही ते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घ्यावे लागतात. भारतीय पासपोर्टवर दुबईत काम करणाऱ्याने स्वतःच्या कमाईतून दिलेलं यात येत नाही. म्हणून क्यूआर व्हिडिओवर टाकूच नका, मंडळीच्या व्हॉट्सॲप गटात द्या, तिथे माणसं ओळखीची असतात.

---

मंडळी_जालना

ताई, साक्ष लाइव्ह नको हे पटलं. पण उत्तम शुक्रवारी सात वेगवेगळे वक्ते आहेत, त्यातले दोघं बाहेरून येणारे. त्यांचीही संमती घ्यायची का? आणि तीन तासांत कोणी कुठे बसायचं?

---

सेविका_बीड

हो, सातही जणांना आधीच सांगा की हे यूट्यूबवर राहणार आहे. संदेशात गावातल्या कोणाचं उदाहरण नावानिशी देऊ नये हेही तेव्हाच सांगा. ज्याला राहू द्यायचं नसेल त्याचा भाग नंतर यूट्यूब स्टुडिओतल्या एडिटरमधून कापता येतो, पूर्ण व्हिडिओ काढावा लागत नाही.

माणसं चार: एक हेडफोन लावून आवाजावर, एक फोन आणि हॉटस्पॉटजवळ, एक चॅटवर, आणि चौथा चर्चबाहेर, स्वतःच्या डेटावर प्रक्षेपण बघणारा. आतल्या तिघांना आवाज गेला हे कळत नाही, त्याला कळतं. नॉर्मल लेटन्सीला प्रक्षेपण काही सेकंद मागे चालतं. म्हणून त्याने 'आत्ता गेला' एवढंच सांगू नये, कोणत्या वाक्याला गेला ते सांगावं.

---

आवाज_नांदेड

सात वक्ते म्हणजे सात उंचींची आणि आवाजाच्या सात पट्ट्यांची माणसं. वक्ता बदलतो त्या गाण्यात माइकचा स्टँड पुढच्याच्या हनुवटीला आणून ठेवायला एकाला नेमा, तोंडापासून चार बोटांवर. बाहेरून येणाऱ्या दोघांना साडेअकराला बोलावून माइकवर एकेक वचन वाचायला लावा. तेव्हा लावलेली इंटरफेसची पातळी सेलोटेपच्या तुकड्यावर खूण करून ठेवा.